वाइन, तुरटपणा आणि तिखट

रेड वाइनच्या घोटाने तोंड कोरडे पडते ते टॅनिनमुळे. द्राक्षाच्या साली-बियांतून उतरणारी ही द्रव्ये लाळेतील प्रथिनांना चिकटतात आणि लाळेचा बुळबुळीतपणा कमी होतो. कच्च्या सुपारीचा तुरटपणाही याच जातीचा. सोबत मटण किंवा मुरलेले चीज असेल, तर टॅनिन त्यातल्या प्रथिनांना आणि स्निग्धांशाला बिलगते आणि वाइन मऊ लागते.

चाखताना आधी वास घ्यावा. जिभेला मूळ चवी मोजक्याच कळतात. बाकी सारे काम गंधाचे, आणि तो गिळतानाही घशामागून नाकात पोहोचतो. सॉव्हिन्यॉं ब्लांक या पांढऱ्या वाइनमध्ये ढोबळी मिरचीचा वास जाणवतो, कारण पायराझिन वर्गातील तीच संयुगे दोन्हींत असतात.

मराठी जेवणात खरी कसोटी तिखटाची. मिरचीतले कॅप्सेसिन ज्या उष्णतासंवेदी ग्राहीला चेतवते, त्यावर अल्कोहोलचाही परिणाम होतो. एरवी सुमारे ४२ अंश सेल्सिअसला चेतणारा हा ग्राही अल्कोहोलच्या सान्निध्यात ३४ अंशांच्या आसपासच चेततो, म्हणजे तोंडाच्या नेहमीच्या तापमानालाही. म्हणूनच तांबड्या रश्श्याबरोबर कडक, तुरट रेड वाइन आग वाढवते. तिथे नाशिककडच्या शेनिन ब्लांक द्राक्षांची थंड, किंचित गोड वाइन कितीतरी बरी.

तळलेल्या पापलेटला आम्लता हवी. ती तेलकटपणा कापते. मासळीबरोबर रेड वाइन पुष्कळदा खटकते, त्याला वाइनमधले लोह कारण आहे. माशाच्या तेलाशी त्याची प्रक्रिया होऊन उग्र, हिवसा वास मागे राहतो. लोह कमी असलेली रेड वाइन मात्र माशाबरोबरही चालते.