कानातील सोन्याची घंटा

लग्नसराई जवळ आली की आपल्या गावांतून सुरतेच्या वाऱ्या सुरू होतात. प्रथम साड्या, मग आहेराचे कापड आणि खरेदी आटोपता आटोपता वधूसाठी झुमक्यांची एक जोडी, असा हा क्रम असतो. झुमका हा दागिना दिसावयास जितका मोहक, तितकाच पारखावयास अवघड. बांगडी म्हणजे बहुतांशी एकसंध सोने. झुमका म्हणजे बारीकसारीक तुकड्यांचा संसार. यास्तव त्यात सोने किती, श्रम किती आणि त्या श्रमांचे मोल कोण देतो, हे वाचकांपुढे मांडावे असे आम्हांस वाटले.

सुरत आणि सोने यांचा संबंध फार जुना आहे. मोगल अमदानीत परदेशांतून येणारे सोनेरुपे या बंदरात उतरे व येथील टांकसाळीत त्याची नाणी पडत. चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा चढवून जर करण्याची कला येथे शतकानुशतके नांदली. १६६४ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली, तेव्हा कॅपुचिन संघाचे फादर अँब्रोझ यांच्या निवासास त्यांनी अभय दिले, असे फ्रेंच प्रवासी बर्निए याने लिहून ठेवले आहे. धनिकांच्या तिजोऱ्या रित्या झाल्या. पाद्रीबाबांच्या दाराला मात्र त्यांच्या सद्वर्तनाचीच कडी पुरली. आज हे शहर हिऱ्यांना पैलू पाडण्याबद्दल जगभर ओळखले जाते, आणि तेथील सोन्याच्या कारखान्यांत बंगालमधून आलेले पुष्कळ कारागीर घरादारापासून दूर राहून काम करीत असतात.

झुमक्याचे मुख्य भाग तीन : कानाच्या पाळीवर बसणारे फूल, त्याखाली झुलणारा घंटेच्या आकाराचा घुमट आणि घुमटाच्या काठाला लोंबणारे मणी किंवा मोती. सोन्याचा पातळ पत्रा गोल कापून तो धातूच्या ठोकळ्यातील खळग्यावर ठेवतात व गोल माथ्याच्या दांड्याने ठोकून ठोकून त्याची वाटी करतात. ठोके बसतील तसतसे सोने कडक होत जाते. म्हणून ते पुनःपुन्हा तापवून मऊ करावे लागते, नाहीतर कड चिरते. मग तार ओढून तिची जाळी वळतात. तारेचे बारीक तुकडे तापविले म्हणजे ते वितळून आपोआप गोल दाणे बनतात. त्यांना रवा म्हणतात. हे रवे एकेक उचलून ओळीने बसवावयाचे आणि सवागी लावून ज्योतीने जोडावयाचे. ज्योत क्षणभर अधिक रेंगाळली, तर केलेले सारे काम गळून जाते. हल्ली यंत्रावर ठोकलेले व साच्यात ओतलेले झुमकेही मिळतात. तथापि जोडकामाला बहुधा माणसाचा हात लागतोच.

घुमट पोकळ असतो, त्यास कारण आहे. भरीव घंटा कानास पेलणार नाही. मोठ्या झुमक्यांना केसांत अडकविण्याचा वेल लावतात, तोही केवळ शोभेसाठी नव्हे. तो पाळीवरचा भार केसांवर घेतो. जड झुमके नित्य घातल्याने कानाचे छिद्र लांबते व कधी पाळी फाटून टाके घालण्याची पाळी येते. सणापुरते घालून घरी येताच उतरविणे हेच शहाणपणाचे.

आता मुख्य गोष्ट : सांध्यांची. तुकड्यास तुकडा जोडण्यासाठी सोन्याहून लवकर वितळणारा मिश्र धातू वापरावा लागतो. त्यास डाग म्हणतात. पूर्वी डागात तांबे व चांदी अधिक असे. म्हणूनच आजीचे झुमके मोडीत घातले की घट येते आणि घरात सोनाराच्या नावाने कुरबुर होते. झुमक्यात सांधे पुष्कळ, म्हणून घटही अधिक. ती प्रत्येक वेळी लबाडीच असते असे नाही. ही घट टाळण्यासाठी पुढे कॅडमियम या धातूचा डाग आला आणि ‘केडीएम’ दागिने म्हणून त्याची जाहिरात झाली. परंतु सोने १,०६४ अंश सेल्सियसला वितळते, तर कॅडमियम ७६७ अंशांलाच उकळू लागते. जोडताना त्याची वाफ कारागिराच्या श्वासावाटे आत जाते व फुफ्फुसे आणि मूत्रपिंडे यांना अपाय करते. गिऱ्हाइकाचे सोने शुद्ध राहिले. मोल मात्र कारागिराच्या छातीने दिले. म्हणूनच भारतीय मानक ब्युरोने असा डाग वर्ज्य ठरविला आहे. आपण ‘केडीएम’ मागून घेत असू, तर ते आता सोडावे.

त्याऐवजी हॉलमार्क पाहावा. ब्युरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांची ओळखखूण असे तीन ठसे दागिन्यावर असावयास हवेत. २२ कॅरटवर ९१६ लिहिलेले असते, म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोने. ही ओळखखूण १ एप्रिल २०२३ पासून आवश्यक झाली आहे, आणि ‘बीआयएस केअर’ या मोबाइलवरील ॲपमध्ये ती पडताळता येते. दोन ग्रॅमहून कमी वजनाचे दागिने, तसेच कुंदन, पोलकी व जडाव काम यांना मात्र या सक्तीतून सूट आहे. तेव्हा खड्यांचे झुमके घेताना खडे, मोती व लाख वगळून निव्वळ सोने किती, हे पावतीवर लिहून घ्यावे. काच सोन्याच्या भावाने विकत घेणे हे काही औदार्य नव्हे. मजुरीचा आकडाही वेगळा लिहून घ्यावा. पण तो समोर आला म्हणजे तेवढ्यावरच घासाघीस करू नये, ही आमची कळकळीची विनंती. कामकऱ्याची अडकविलेली मजुरी देवाच्या कानी ओरडते, असा इशारा याकोबाच्या पत्रात आहे.

पवित्र शास्त्रात कानातल्या सोन्याची कथा मोठी बोधप्रद आहे. निर्गमाच्या बत्तिसाव्या अध्यायात इस्राएल लोकांनी कानांतील कुंडले काढून अहरोनास दिली आणि त्याने वासरू केले. पस्तिसाव्या अध्यायात त्याच लोकांनी कुंडले, नथा व अंगठ्या आणून पवित्र मंडपासाठी वाहिल्या. लोक तेच, दागिनेही त्याच जातीचे. अंतःकरण तेवढे पालटले होते. सोन्याचे काम करणाऱ्या बसालेलास देवाने आपल्या आत्म्याने परिपूर्ण केले, असेही तेथे सांगितले आहे. महायाजकाच्या झग्याच्या घेरास तर सोन्याच्या लहान घंटा लावलेल्या होत्या. दागिना पाप नव्हे आणि सोनाराचे काम हलके नव्हे.

सोनारांचे आश्रयदाते संत एलिजियस हे सातव्या शतकात फ्रान्समध्ये होऊन गेले. १ डिसेंबर हा त्यांचा सण. राजाने एका सिंहासनापुरते सोने दिले असता त्यांनी प्रामाणिकपणे त्यातून दोन सिंहासने घडविली, अशी परंपरा आहे. असा कारागीर लाभावा असे प्रत्येकास वाटते. मग गिऱ्हाईकही तसेच प्रामाणिक असावयास नको काय?

आईबापांनो, लेकीच्या कानात झुमके अवश्य घाला. पण ऐपतीप्रमाणे घाला. शेजारच्या लग्नाशी बरोबरी साधण्यासाठी वाडी गहाण पडत असेल, तर ते झुमके नव्हेत, ते वासरू होय. संत पेत्र सांगतात की सौम्य व शांत मनाचा अलंकार देवाच्या दृष्टीने बहुमोल आहे. तो लेकीस आधी द्यावा. मग दोन तोळ्यांचे झुमके असोत की दोन ग्रॅमचे, वेदीपुढे ती शोभूनच दिसेल.