बंदी कोण घालतो?

‘बंदी’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर एक सरकारी कागद उभा राहतो. खाली सही, शिक्का, आणि मागे दंडुका घेतलेला शिपाई. आपल्याकडे असे घडलेलेही आहे. कृ. प्र. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. प्रेक्षकांना कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसू लागला, आणि पुढे १९१० मध्ये इंग्रज सरकारने १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याचा आधार घेऊन ते नाटक बंद पाडले. येथे बंदी कोणी घातली, हे शेंबडे पोरही सांगू शकले असते.

परंतु बंदी नेहमी अशी उघड्या तोंडाने येते काय? हा प्रश्न यंदा मला तीन इंग्रजी कादंबऱ्या वाचताना पडला. त्याचे उत्तर मात्र मला लंडनमध्ये सापडले नाही. ते आपल्या शेजारी, यवतमाळला सापडले.

‘युटोपिया’ म्हणजे सर्व काही आलबेल असलेले कल्पित राज्य. आपण त्याला रामराज्य म्हणू. त्याच्या नेमके उलट राज्य ज्या कादंबऱ्यांत रंगविलेले असते त्यांना ‘डिस्टोपियन’ कादंबऱ्या म्हणतात. सोयीसाठी मी येथे त्यांना ‘विपरीत राज्याच्या कादंबऱ्या’ म्हणते. त्यांतील तीन विशेष गाजल्या.

पहिली जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’. हा लेखक १९०३ मध्ये आपल्याच देशात, बिहारमधील मोतिहारीला जन्मला. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत घरोघरी एक पडदा आहे. आपण तो पाहतो आणि तोही आपल्याला पाहतो. नायक विन्स्टन स्मिथ ‘सत्य मंत्रालया’त नोकरीस आहे. त्याचे काम काय, तर जुनी वर्तमानपत्रे आजच्या सत्तेला सोयीची होतील अशी दुरुस्त करणे! भाषेतले शब्दसुद्धा तेथे दरवर्षी कमी केले जातात, कारण शब्दच उरला नाही तर बंडाचा विचार येणार कुठून?

दुसरी अल्डस हक्सलीची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ (१९३२). येथे दंडुक्याची फारशी गरज पडत नाही. मुले बाटलीत वाढविली जातात, झोपेत त्यांच्या कानात धडे ओतले जातात आणि मन बेचैन झाले तर ‘सोमा’ची गोळी तयार असते. सगळे सुखी आहेत आणि सगळे सारखे आहेत.

तिसरी रे ब्रॅडबरीची ‘फॅरनहाइट ४५१’ (१९५३). तेथील अग्निशामक दल आग विझवीत नाही, ते पुस्तके जाळते. मला सर्वांत अस्वस्थ केले ते या कादंबरीने. कारण या दलाचा प्रमुख बीटी नायकाला सांगतो की, सुरुवात सरकारने केलीच नव्हती. लोकांनीच वाचणे सोडले. अमक्याला हे टोचते, तमक्याला ते टोचते, म्हणून पुस्तकांतून एकेक गोष्ट गळत गेली. बंबवाले नंतर आले. म्हणजे आग लागण्यापूर्वीच पुस्तके मेलेली होती.

आता यवतमाळकडे वळू. जानेवारी २०१९ मध्ये तेथे ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. साहित्य महामंडळाचे कार्यालय त्या वेळी नागपुरातच होते. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना निमंत्रण गेले. त्या इंग्रजीत लिहितात, परंतु त्यांचे वडील रणजित सीताराम पंडित हे मराठी गृहस्थ. कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’चे त्यांनी इंग्रजी भाषांतर केले. इंग्रजीतील लेखिका मराठी संमेलनाची उद्घाटक कशी, असा आक्षेप निघाला आणि कार्यक्रम उधळण्याची भाषा झाली. आयोजकांनी अवघ्या काही दिवसांवर आलेले निमंत्रण मागे घेतले. सरकारी बंदीहुकूम नव्हता, कायद्याचे कलम नव्हते. ‘गोंधळ नको’ एवढेच कारण पुरेसे ठरले.

योगायोग असा की सहगल यांनी दोनच वर्षांपूर्वी, २०१७ मध्ये, एक विपरीत राज्याची कादंबरी लिहिली होती. तिचे नाव ‘व्हेन द मून शाइन्स बाय डे’. तीत रेहाना नावाच्या नायिकेला आढळते की, मध्ययुगीन इतिहासावरील आपल्या वडिलांची पुस्तके दुकानांतून नाहीशी झाली आहेत. अब्दुल नावाच्या घरकामाच्या मुलाला रस्त्यावर ‘मोरारीलाल’ म्हणवून घेणे अधिक सुरक्षित वाटते. मला या मुलाची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. नाव बदल असा हुकूम त्याला कोणी दिलेला नाही. हवा पाहून त्यानेच ते बदलले आहे.

येथे कऱ्हाडची आठवण होते. १९७५ मध्ये आणीबाणी चालू असताना कऱ्हाडला साहित्य संमेलन भरले होते. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. त्याच व्यासपीठावरून दुर्गाबाई लेखकाच्या स्वातंत्र्यावर बोलल्या, तुरुंगवासात आजारी पडलेल्या जयप्रकाशांसाठी त्यांनी प्रार्थना करावयास सांगितले आणि १९७६ मध्ये स्वतः तुरुंगात गेल्या. म्हणजे आणीबाणीत अध्यक्षा बोलू शकल्या, आणि आणीबाणी नसताना उद्घाटक व्यासपीठापर्यंत पोचूही शकल्या नाहीत. पहिल्या प्रसंगी बंदी घालणारा समोर होता, म्हणून त्याच्याशी भांडता आले. दुसऱ्या प्रसंगी भांडणार कोणाशी?

तरीही यवतमाळची गोष्ट केवळ पराभवाची नाही. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांनी निमंत्रण मागे घेण्यावर भाषणात टीका केली. उद्घाटन केले ते वैशाली येडे या आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नीने. आणि सहगल यांचे न झालेले भाषण? ते वर्तमानपत्रांतून छापून आले, मराठीत आले, मोबाईलवरून हातोहात फिरले. मंडपात होते त्यापेक्षा किती तरी अधिक लोकांनी ते वाचले असेल.

म्हणून यंत्राला सरसकट दोष देणे मला पटत नाही. आमच्या घरात पाठ्यपुस्तकांखेरीज पहिले पुस्तक मी कॉलेजच्या ग्रंथालयातून आणले. मोबाईल त्याच्या कितीतरी आधी आला होता. ‘१९८४’चा लेखक कोण, हे मी प्रथम त्याच मोबाईलवर शोधले. परंतु त्याच पडद्यावर कोण काय बोलले, कोणी कोणता फोटो टाकला, याची पाळत वस्तीतला प्रत्येक जण प्रत्येकावर ठेवतो. ऑर्वेलच्या पडद्यामागे निदान सरकार होते. आमच्या पडद्यामागे आम्हीच आहोत.

हे मी अनुभवाने सांगते. गेल्या वर्षी भित्तिपत्रकासाठी मी वर्गणीवर एक लेख लिहिला होता. मैत्रिणीने तो वाचला आणि म्हणाली, “कायले उगाच? कोणी फोटो काढून ग्रुपवर टाकला त?” मी एक परिच्छेद काढून टाकला. सरांनी तो काढावयास सांगितले नव्हते, संपादकांनीही नाही. लेख छापून आला, सर्वांनी छान म्हटले. बीटीचे बोलणे वाचताना मला तो परिच्छेद आठवला. माझ्या लेखाला जाळण्यासाठी कोणी बंबवाला आला नव्हता. ते काम मी घरबसल्या, पेन्सिलीने केले होते.

ब्रॅडबरीच्या कादंबरीच्या शेवटी गावाबाहेर काही माणसे भेटतात. त्यांनी एकेक पुस्तक तोंडपाठ केलेले आहे. आपल्याला हे नवे नाही. इंद्रायणीत बुडविलेली तुकोबांची गाथा लोकगंगेने तारली, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. लोक गाथा तारतात आणि लोकच कधी कधी ती बुडवितात. त्या त्या वेळी आपण कोणत्या बाजूला आहोत, एवढाच प्रश्न उरतो.

माझ्यापुरते उत्तर म्हणून तो काढलेला परिच्छेद येथे देते. तो लहानच आहे:

“एका वर्षी आमच्या वस्तीत एका घराने मिरवणुकीच्या डीजेसाठी वर्गणी दिली नाही, कारण घरात म्हातारी आजारी होती. त्यानंतर वर्षभर त्या घरातल्या बाईला कोणी हळदीकुंकवाला बोलावले नाही. ते घर आमचे होते.”