हलत्या मानेचा एक्स-रे

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, मूल मैदानावर पडलं, मानेचा एक्स-रे काढला आणि "नॉर्मल आहे" असं ऐकलं की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. पण त्या फिल्मवर काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे आपल्याला माहीत हवं.

हाडातलं कॅल्शियम किरण अडवतं, म्हणून हाड पांढरं दिसतं. मणक्याला मणका बांधून ठेवणारे चिवट पट्टे, म्हणजे अस्थिबंध (आपण लिगामेंट म्हणतो ते), साध्या एक्स-रेत दिसत नाहीत. ते फाटले तरी मूल स्थिर असताना मणके एकावर एक नीट रचलेले दिसू शकतात. वर्गाच्या दाराचंच बघा ना! बिजागरी सैल झाली आहे हे दार बंद असताना कळत नाही. उघडायला गेलं की ते फरशीला घासतं.

डॉक्टरही तेच करतात, सांधा हलवून बघतात. मान पुढे वाकवून एक आणि मागे नेऊन एक, असे बाजूने दोन एक्स-रे काढतात. याच्या पुढची पायरी म्हणजे फ्लुओरोस्कोपी. यात मान हलत असताना पडद्यावर सलग चित्र दिसतं. ही कल्पना काही नवी नाही. राँटजेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि १८९६ मध्येच एडिसन यांनी कॅल्शियम टंगस्टेटचा पडदा वापरून फ्लुओरोस्कोप तयार केला.

मोठ्या माणसाच्या मानेत एक मणका खालच्या मणक्यावर साडेतीन मिलिमीटरपेक्षा जास्त सरकला, तर अस्थिरतेची शंका घेतात. पट्टीवर बघा, केवढंसं अंतर आहे! पण मागून मज्जारज्जू जातो. लहान मुलांना मात्र हा आकडा जसाच्या तसा लावू नका. साधारण आठ वर्षांपर्यंत अस्थिबंध मुळातच लवचिक असतात, त्यामुळे मानेचा दुसरा मणका तिसऱ्यावर थोडा सरकलेला दिसणं बऱ्याचदा नैसर्गिक असतं.

ताज्या दुखापतीत स्नायू आखडतात, मान पुरेशी हलतच नाही आणि तपासणी फसवी ठरते. मूल बेशुद्ध असेल किंवा हातपाय बधिर असतील तर मान हलवून बघणं धोक्याचंच. तिथे एमआरआय उपयोगी पडतो. त्यात अस्थिबंध आणि मज्जारज्जू दिसतात, फक्त रुग्ण निश्चल पडून असतो. शिवाय फ्लुओरोस्कोपीत किरणांची मात्रा साध्या एका एक्स-रेपेक्षा जास्त असते. म्हणून नुसती मान दुखते एवढ्यावर आपणहून ही तपासणी मागू नये, असं मला वाटतं. ते डॉक्टरांनी ठरवावं.

आपल्या वर्गात डाऊन सिंड्रोम असलेलं मूल असेल तर एक गोष्ट जरूर लक्षात ठेवा. यातल्या काही मुलांमध्ये मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो. कोलांटउडी शिकवण्याआधी पालकांमार्फत डॉक्टरांना विचारा. चाल बदलली, हातातली वस्तू पडू लागली, मान वाकडी धरली, लघवीवरचा ताबा गेला, यातलं काहीही नव्याने दिसलं तर खेळ लगेच थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, जुना एक्स-रे नॉर्मल असला तरीही.