आत्याबाईला मिशा असत्या तर

बिल्बाओत संध्याकाळचे सात वाजलेत. बाहेर 'सिरिमिरी' पडतोय. इथल्या बारीक, चिवट पावसाला हेच नाव. स्पॅनिशच्या वर्गात बाई फळ्यावर तीन क्रियापदं लिहितायत. आब्लार, कोमेर, बिबिर. बोलणं, खाणं, राहणं.

वर्तमान असो की भूत, आजवर आम्ही शेवटचा आर, एर, ईर आधी छाटत आलोय. आज बाई काहीच पुसत नाहीत. अख्ख्या शब्दाला पुढे 'ईआ' जोडतात. आब्लारीआ, कोमेरीआ, बिबिरीआ. मग ईआस, ईआ, ईआमोस, ईआइस, ईआन. तिन्ही गटांना हेच सहा प्रत्यय.

"हे शेपूट म्हणजे झिजलेलं 'आबीआ' आहे," बाई सांगतात. लॅटिनमधलं 'असणे, जवळ असणे' या अर्थाचं क्रियापद मूळ क्रियापदाच्या मागे उभं राहायचं, बोलता बोलता चिकटून गेलं. 'जातो आहे'चं आपल्याकडे 'जातोय' झालं, तसंच की! मी वहीत दोन्ही शेजारी शेजारी लिहिते. बारा क्रियापदं मात्र जराशी वाकतात, भविष्यकाळात वाकतात तशीच: तेनेरचं तेन्द्रीआ, आथेरचं आरीआ, देथीरचं दिरीआ. ती पाठच करायची.

"आता 'सी' वापरून एक वाक्य." 'सी' म्हणजे जर. बाई माझ्याकडे बघतात. डोक्यात पहिली येते ती आत्याबाई. स्पॅनिशमध्ये आत्या 'तिआ', काका 'तिओ'. म्हण आयतीच बसते. मी म्हणते, "सी मी तिआ तेन्द्रीआ बिगोते, ला यामारीआ तिओ."

वर्ग हसतो. बाईसुद्धा हसतात, पण खडूनं 'तेन्द्रीआ' खोडतात आणि वर 'तुबिएरा' लिहितात. 'सी'च्या बाजूला हे वेगळंच रूप. 'ईआ' फक्त परिणामाच्या बाजूला. मिशा असणं एका रूपात, काका म्हणणं दुसऱ्या.

माझी जीभ अडते ती इथेच. मराठीत मिशा 'असत्या', म्हटलं 'असतं'. दोन्हीकडे तोच 'अस', तोच 'त'. जे घडलंच नाही ते आणि त्यातून जे घडलं असतं ते, दोन्ही आपण एकाच साच्यात ओततो.

"परीक्षेत तुबिएरा," बाई वही मिटता मिटता म्हणतात, "पण खाली रस्त्यावर कान उघडे ठेव."

वर्ग सुटतो. जुन्या शहरातल्या सात गल्ल्यांपैकी एकीत, कोपऱ्यावरच्या बारमध्ये मी शिरते. "पोद्रीआ पोनेरमे उन काफे?" कॉफी द्याल का, एवढंच विचारायचं; पण 'ईआ' लागला की विनंती मऊ होते. काउंटरमागचा माणूस मान डोलावतो. त्याच्या डोक्यावर २२ डिसेंबरच्या सोडतीची तिकिटं चिमट्यांनी लटकलीयत. एक दशांश वीस युरोंचा; पहिला नंबर लागला तर त्यावर चार लाख.

शेजारच्या स्टुलावर एक आजी तिकीट उजेडाकडे धरून आकडे वाचतायत.

"सी मे तोकारीआ," त्या कुणाला उद्देशून नव्हे, अशाच म्हणतात, "पागारीआ एल पिसो दे मी इखो." मला लागली असती, तर मुलाच्या घराचे पैसे फेडले असते.

तोकारीआ, पागारीआ! दोन्हीकडे 'ईआ'. बिल्बाओत, बुर्गोसमध्ये, रिओखात लोक पिढ्यान्‌पिढ्या असंच बोलतात. व्याकरणाची पुस्तकं त्याला चूक म्हणतात. मला ती चूक वाटत नाही. ज्या वळणानं माझी आजी बोलायची, त्याच वळणानं ही बोलतेय.

"आणि तू गं, इखा? के आरीआस?" तू काय केलं असतंस?

मी शब्द जुळवते. "त्राएरीआ आ मी माद्रे." आईला इथे आणलं असतं.

आजी तिकिटाची घडी घालून पाकिटात सरकवतात आणि माझ्या मनगटावर हात ठेवतात.

"पुएस त्राएला," त्या म्हणतात. मग आण की तिला.