हब म्हणतो, ‘कोण रे तू?’

हौसेने आणलेलं गॅझेट स्मार्ट होमच्या हबने ओळखलंच नाही, तर? थोडा कोड, थोडा पेशन्स आणि एक मोकळा वीकएंड... एवढ्यावर ही ओळख करून देता येते. पण त्यानिमित्ताने आपल्या घराची चावी नेमकी कुणाच्या हातात आहे, हेही तपासून घ्या!

सेलमध्ये स्वस्तात मस्त मिळालेला टेम्परेचर सेन्सर घरी आला. खोक्यावर ‘झिगबी’ असं ठळक छापलेलं. तुमचा हबही झिगबीवालाच. मग काय, बटण दाबलं, पेअरिंग सुरू! हबला तो सापडतोसुद्धा. आणि मग स्क्रीनवर शब्द उमटतो, ‘अनसपोर्टेड’. म्हणजे पाहुणा दारात उभा, बेलही वाजली, पण घरात त्याला कुणी ओळखतच नाही!

अशा वेळी बरेच जण वस्तू परत पाठवतात, नाहीतर ती ड्रॉवरमध्ये जुन्या चार्जरांच्या शेजारी जाऊन पडते. पण तिसराही एक रस्ता आहे. हबला ती वस्तू आपणच शिकवायची. त्यासाठी इंजिनीअरिंगची डिग्री लागत नाही. एक्सेलमध्ये फॉर्म्युले टाकण्याइतकी चिकाटी असली की सुरुवात करता येते.

नाव, गाव, फळ, फूल

झिगबीची कुठलीही वस्तू नेटवर्कमध्ये शिरताना स्वतःची ओळख सांगते. कंपनी कोणती, मॉडेल कोणतं आणि आपल्याला काय काय येतं! हे ‘काय येतं’ ठरावीक क्रमांकांत सांगितलं जातं. त्यांना म्हणतात क्लस्टर. ०००६ म्हणजे चालू-बंद, ०००८ म्हणजे उजेड कमी-जास्त, ०४०२ म्हणजे तापमान. हब हे सगळं आपल्याकडच्या यादीशी ताडून बघतो. यादीत नाव सापडलं की काम फत्ते. नाही सापडलं की गोची.

कस्टम कोड म्हणजे या यादीत आपल्या हाताने केलेली नोंद. ‘ही कंपनी आणि हे मॉडेल दिसलं की त्याला तापमानाचा सेन्सर समज. आलेल्या आकड्याला शंभराने भाग आणि अंश सेल्सिअस म्हणून दाखव.’ शंभराने का? कारण झिगबीच्या नियमानुसार सेन्सर २७.३५ अंश तापमान २७३५ असं पाठवतो. हा भागाकार चुकला, तर पुण्यात मे महिन्यातही तुमच्या बेडरूममध्ये चार अंशांची कडाक्याची थंडी दिसेल!

खरी डोकेदुखी मात्र तुया या चिनी कंपनीच्या तंत्रावर चालणाऱ्या वस्तूंची. वेगवेगळ्या ब्रँडच्या नावाखाली त्या बाजारात मिळतात. त्यातल्या कितीतरी वस्तू आपलं मॉडेल ‘टीएस०६०१’ असंच सांगतात. पडद्याची मोटरही तीच आणि हवेचा सेन्सरही तोच! शिवाय नेहमीचे क्लस्टर सोडून त्या सगळी माहिती ईएफ०० या एकाच खिडकीतून, नुसते नंबर टाकलेल्या खान्यांत पाठवतात. पहिल्या खान्यात काय आणि दुसऱ्यात काय, हे बनवणाऱ्यालाच ठाऊक.

मग सुरू होते आपली गुप्तहेरगिरी! हबचा डीबग लॉग उघडायचा. सेन्सर मुठीत धरायचा आणि कुठल्या खान्यातला आकडा चढतो ते बघायचं. तो तापमान. मग सेन्सरवर फुंकर मारायची. आता जो झपकन वर जातो, तो दमटपणा. जो दिवसभर जागचा हलत नाही, तो बहुधा बॅटरीचा. अशी जुळवाजुळव झाली की कोड लिहिणं हे शेवटचं आणि सगळ्यात छोटं काम उरतं.

आणि एक आतली गोष्ट! निम्म्या लढाया आधीच कुणीतरी जिंकलेल्या असतात. तुमच्या वस्तूचा जुळा भाऊ आधीच यादीत असतो, फक्त कंपनीचा कोड वेगळा असतो. अशा वेळी तेवढी एक ओळ वाढवली की काम भागतं. म्हणून आधी शोधा, मग लिहा.

भाषा कुठली? ते हबवर अवलंबून. झिगबी-टू-एमक्यूटीटी या मोफत सॉफ्टवेअरला जावास्क्रिप्टची छोटी फाइल चालते. होम असिस्टंटला पायथन लागतं. हबिटॅटच्या हबला ग्रूव्ही आणि सॅमसंगच्या स्मार्टथिंग्जला लुआ.

एवढा खटाटोप कशाला?

कारण स्मार्ट होमच्या दुनियेत ‘घेतलं म्हणजे आपलं झालं’ हा हिशेब चालत नाही. २०१६ मध्ये नेस्टने रिव्हॉल्व्ह नावाच्या हबची सेवा बंद केली. सुमारे तीनशे डॉलरचा हब, वस्तू धडधाकट, तरी ज्याच्या घरी होता त्याच्यासाठी तो निव्वळ डबा झाला. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचना न देताच गप्प झाले. पुढे त्याच वर्षी काही वापरकर्त्यांनीच ती कंपनी विकत घेतली म्हणून तिचा जीव परत आला. पण जे आपल्या वस्तू स्वतःच्या घरातल्या सॉफ्टवेअरवरून चालवत होते, त्यांचे दिवे मधल्या काळातही लागतच होते!

जानेवारी २०२४ मध्ये तर हायर कंपनीने जर्मनीतल्या एका डेव्हलपरला कायद्याची भाषा ऐकवली. त्याचा गुन्हा काय, तर हायरची उपकरणं होम असिस्टंटला जोडणारा कोड त्याने मोफत वाटला होता. मग जगभरच्या लोकांनी त्या कोडच्या प्रती काढून ठेवल्या, ओरड झाली आणि काही दिवसांतच कंपनी सहकार्याचं बोलू लागली.

कस्टम कोडवाल्यांनाही फटके बसलेच आहेत. स्मार्टथिंग्जवर वर्षानुवर्षं लोक ग्रूव्ही भाषेत ‘डिव्हाइस हँडलर’ लिहीत होते. तो कोड चालायचा कंपनीच्या क्लाउडवर. २०२२ मध्ये सॅमसंगने ग्रूव्हीची ती सोय गुंडाळायला घेतली आणि हौशी मंडळींची मेहनत मोडीत निघाली. त्या जागी आलेले ‘एज ड्रायव्हर’ मात्र हबवरच चालतात. यातून घ्यायचा फंडा सोपा आहे. आपला कोड आपल्या घरातल्या डब्यावर चालायला हवा आणि त्याची एक प्रत आपल्याकडे हवी.

होम असिस्टंटचा जन्मही अशाच एका साध्या हौसेतून झाला. २०१३ मध्ये पाउलस शाउटसेन या डच तरुणाने सूर्य मावळला की दिवे लागावेत म्हणून पायथनमध्ये छोटासा प्रोग्राम लिहिला. आज त्याच सॉफ्टवेअरला दोन हजारांहून जास्त प्रकारच्या सेवा आणि वस्तू जोडता येतात. २०२४ पासून त्याची मालकी ओपन होम फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे आहे.

पंखा, एसी आणि मामाचा हब

आपल्याकडच्या घरात सगळ्यात जास्त चालणारी वस्तू कुठली? पंखा! कितीतरी नव्या बीएलडीसी पंख्यांना रिमोट असतो, पण वायफाय नसतं. इथे कामी येतो इन्फ्रारेड ब्लास्टर. तो रिमोटची भाषा शिकतो आणि हबच्या हुकमावरून तीच बोलतो. गंमत अशी की हा संवाद एकतर्फी असतो. पंखा उलटून काहीच सांगत नाही. तोच बटण दाबून चालू आणि तेच दाबून बंद असेल, तर बाबांनी हातातल्या रिमोटने पंखा बंद केल्यावर हब आपला ‘चालू आहे’ म्हणत बसतो. पुढच्या वेळी तुम्ही ‘बंद कर’ म्हणालात की पंखा गरगर सुरू!

एसीचं तसं नाही. बहुतेक एसींचे रिमोट दरवेळी पूर्ण फर्मान पाठवतात. ‘कूल, २४ अंश, पंखा हळू’. त्यामुळे मधलं काही हुकलं, तरी पुढच्या फर्मानाला गाडी रुळावर येते. होम असिस्टंटसाठीच्या ‘स्मार्ट-आयआर’ या हौशी प्रकल्पात अनेक एसींचे कोड तयार मिळतात. म्हणूनच सुरुवात एसीपासून करा, पंखा नंतर.

आणि अमेरिकेतल्या मामाने सुटकेसमधून हब आणला असेल, तर जरा सबुरीने घ्या. झिगबी जगभर २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, त्यामुळे तिथे अडचण नाही. झेड-वेव्हची फ्रीक्वेन्सी मात्र देशागणिक वेगळी. अमेरिकेत ९०८.४ मेगाहर्ट्झ, भारतात ८६५.२. हा फरक कितीही भारी कोड लिहिला तरी बुजत नाही. शिवाय तिकडच्या ११०-१२० व्होल्टवाल्या स्विचला आपल्या २३० व्होल्टला जोडायचं धाडस तर अजिबात नको.

घरच्यांचं काय?

हा मुद्दा टेकी मंडळींच्या गप्पांमध्ये नेहमी मागे पडतो. कोड लिहिणारा ऑनसाइटला गेला, रात्री अपडेट झालं आणि सकाळी बाथरूमचा दिवा लागेना. आता आईने डीबग लॉग उघडायचा का? घरातला एकच माणूस दुरुस्त करू शकेल, असं घर स्मार्ट नव्हे, पराधीन! पूर्वी ते कंपनीवर अवलंबून होतं, आता तुमच्यावर. म्हणून पहिला नियम असा, की भिंतीवरचं बटण नेहमी चाललंच पाहिजे. कोड वरची सोय आहे, पाया नाही.

एवढं सांभाळा!

- दुसऱ्याचा कोड चिकटवण्याआधी वाचा. तो पासवर्ड किंवा टोकन बाहेर पाठवत नाही ना, ते बघा.
- दाराचं लॉक, गॅस आणि गिझर यांच्यावर प्रयोग नकोत. गिझर बंद होण्याची जबाबदारी एकट्या कोडवर तर कधीच टाकू नका.
- स्विचच्या आतल्या चिपमध्ये नवं सॉफ्टवेअर टाकताना तो मेन्सच्या विजेला कधीही जोडलेला नको. वायरिंगचं काम इलेक्ट्रिशियनचंच.
- बॅकअप घ्या आणि कुठली वस्तू कशी जोडली, ते घरच्यांना कळेल अशा मराठीत वहीत लिहून ठेवा.

नवी खरेदी करताना २०२२ मध्ये आलेलं ‘मॅटर’ हे स्टँडर्ड आहे का, ते जरूर बघा. त्यामुळे पुढची कटकट बरीच कमी होते. पण घरात आधीच असलेल्या बऱ्याचशा जुन्या वस्तूंना त्याचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी आपला कोड आणि आपण!

बाकी सगळं नंतर. येत्या रविवारी एक सोपी टेस्ट करा. राउटरला येणारी इंटरनेटची वायर पाच मिनिटं काढून ठेवा आणि घरभर फिरा. त्या पाच मिनिटांत जे जे चालू राहील, ते तुमचं. बाकीचं अजून कंपनीचंच आहे, तुम्ही फक्त त्याचे पैसे भरलेत!