पहिली पाळी: गणपती ते दिवाळी

यंदा ऑगस्टमध्ये रोटरीच्या युवा देवाणघेवाणीत जर्मनीहून यायची होती ती मुलगी आमच्या शहरात राहिलीच नाही. पहिले चार महिने तिला ठेवून घ्यायला एकही घर पुढे आलं नाही, म्हणून तिची सोय दुसऱ्या गावी झाली. क्लबाच्या बैठकीत कारणं ऐकली: मुलाची बारावी, दोघांचं घरून काम, टू बीएचके. मला फार लागलं ते. कारण त्याच बैठकीत आपलं पोर पुढच्या वर्षी कुठे पाठवता येईल, याची चौकशी करायला आलेल्या पालकांनी खोली भरली होती.

रोटरीची ही युवा देवाणघेवाण जुनी आहे. फ्रान्समधल्या नीसच्या क्लबने 1927 साली ती सुरू केली. 15 ते 19 वयाची मुलं शाळेचं वर्षभर परक्या देशात, दोन-तीन घरांत आळीपाळीने राहतात. ठेवून घेणाऱ्याला पैसा मिळत नाही. आपलं पोर कुणीतरी सांभाळतंय, म्हणून आपण कुणाचं तरी सांभाळायचं, एवढ्यावर सगळं चालतं.

आमच्या पिंपरीला हे कुणी शिकवायला नको होतं. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं इथल्या कॅम्पात उतरली. 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मग टेल्को आली आणि गावोगावची पोरं अप्रेंटिस म्हणून कॉट बेसिसवर इथल्या घरांत राहिली. माझे यजमानही त्यांतलेच. घरमालकिणीने त्यांना तापात पेज करून घातली होती, हे ते अजून सांगतात.

नव्वदचं दशक मी सोडून देते. तेव्हा क्लबात भाषणं आणि हारतुरेच जास्त. आमच्या निगडी प्राधिकरणातल्या घरी खरी वर्दळ झाली ती 2003 ते 2012 या काळात. आम्ही नेहमी पहिली पाळी मागून घ्यायचो, म्हणजे गणपती, नवरात्र, दसरा, दिवाळी आमच्या वाट्याला. मुलं यायची ती पावसात. ऑक्टोबरात घरच्यांशी बोलताना तिकडे हीटर लागलेले असायचे आणि इथे ऑक्टोबर हीटमध्ये ती पंख्याखाली फरशीवर आडवी. देशोदेशीच्या बिल्ल्यांनी भरलेला रोटरीचा कोट तेवढा खुंटीवर.

2008 चा मुलगा मला सगळ्यांत जास्त आठवतो. जर्मनीत त्याचे वडील टूलरूममध्ये कामाला. खंडेनवमीला त्याला भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या मशीन शॉपमध्ये नेलं. ऑपरेटर सकाळपासून लेथ पुसत होते. याने न विचारता कॉटन वेस्ट उचललं आणि बेडच्या खाचेत अडकलेला बारीक चुरा नखाने काढत बसला. व्हर्निअर, मायक्रोमीटर पाटावर मांडले, लेथच्या चकला झेंडूची माळ घातली, नारळ फुटला. त्याने फोटो काढले ते मायक्रोमीटरचे. वडिलांना पाठवायचे होते.

दिवाळीनंतर मंदी आली. नोव्हेंबरमध्ये टाटा मोटर्सने ब्लॉक क्लोजर घेतला, म्हणजे कारखाना काही दिवस बंद ठेवला, आणि आमच्यासारख्या लहान शॉपच्या ऑर्डरी थांबल्या. घरात कुणी काही बोललं नव्हतं. तरी त्याने फोनची मोठी बिलं होतील म्हणून घरी बोलणं कमी केलं, आणि यजमान रात्री उशिरा आले की ताट वाढून द्यायला उठायचा. परदेशी पाहुण्याने घरात काय शिकावं याच्या ज्या याद्या वाटल्या जातात, त्यांत हे कुठे असतं?

पुढच्या ऑगस्टात स्वाइन फ्लूने शाळाच बंद पडल्या. ब्राझीलची मुलगी तोंडाला मास्क बांधून घरात अडकली आणि सासूबाईंच्या तावडीत सापडली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. दिवाळीपर्यंत तिची चकली सुटेनाशी झाली. काटा नीट आला नाही तर सासूबाई घाणा परत सोऱ्यात भरायला लावत आणि ती निमूट भरे. गल्लीतल्या पोरांबरोबर तिने किल्ला केला, त्यावर अळीव पेरले आणि रोज उठून कोंब मोजले. पुढची पाळी ज्यांची होती त्यांनी तिला नेलं, पण सुट्टीत फिरायला जायचंय म्हणून परत आमच्या दारात आणून सोडलं. पोरगी बॅग घेऊन उभी. त्याच घरातला मुलगा तेव्हा परदेशात दुसऱ्याच्या घरी जेवत होता. हे मी तेव्हा बोलले नाही, आज बोलते.

नंतरची वर्षं उतरणीचीच. बंगले पाडून इमारती झाल्या, गच्चीवरची कोजागिरी सोसायटीच्या हॉलमध्ये गेली, किल्ले तयार मिळू लागले. 2020 मध्ये कोविडने जगभरची देवाणघेवाण थांबली. पुन्हा सुरू झाली तेव्हा पाठवणाऱ्यांची रांग लागली, ठेवणाऱ्यांची नाही. कागदपत्रांचं कारणही देतात, ते मला पटत नाही. आम्ही या परदेशी मुलांच्या नोंदणीसाठी पुण्याच्या पोलीस आयुक्तालयात खेपा घातल्या आहेत; आता बराच कारभार ऑनलाइन होतो आणि 2018 पासून पिंपरी-चिंचवडला स्वतःचं आयुक्तालय आहे. जागेचंही नाही पटत. आमच्याकडे तेव्हा सासूबाई धरून पाच माणसं होती आणि ती मुलं हॉलमधल्या दिवाणावर झोपत.

म्हणून मी क्लबाच्या समितीला लेखी कळवलं आहे. ज्याला पाठवायचंय, त्याने आधी गणपती ते दिवाळी एक मूल घरात ठेवावं, मगच त्याचा अर्ज घ्यावा. यजमान आता सत्तरीला आलेत, माझे गुडघे दुखतात, तरी पुढच्या ऑगस्टसाठी पहिलं नाव आमचं लिहून दिलंय. दुसरं नाव अजून आलेलं नाही.