तक्रारीची पहिली पायरी सोपी हवी

केंद्र सरकारच्या ‘सीपीग्राम्स’ संकेतस्थळावर तक्रारीला नोंदणी क्रमांक मिळतो, २०२४च्या सूचनांनुसार २१ दिवसांत निवारण अपेक्षित असते आणि उत्तर पटले नाही तर अपीलही करता येते. तरी माणूस पहिल्याच पायरीवर अडतो: आधी मंत्रालय निवडा, मग विषय, मग उपविषय. पेन्शन रखडलेल्या आजींना आपले काम कोणत्या खात्याचे, हे ठाऊक असायचे कारण नाही. ती वर्गवारी सरकारनेच करावी. आजींनी अडचण आपल्या भाषेत लिहावी, कागदाचा फोटो जोडावा, एवढे पुरे. यामुळे खोट्या तक्रारींचा पूर येईल, असा आक्षेप घेतला जातो. पण मोबाइलवरच्या ओटीपीने त्याला बराच आळा बसतो, आणि एकाच कामाच्या दहा खऱ्या तक्रारी म्हणजे कटकट नव्हे, पुरावा. तक्रार केलीत तर नोंदणी क्रमांक जपून ठेवा. पाठपुरावा त्यावरच चालतो.